वंगणाचा हिशेब

वंगण हा शब्द मराठीत मोटारीच्या पुष्कळ आधीपासून नांदत आहे. बैलगाडीचे चाक कण्यावर फिरताना लाकडाने लाकूड झिजू नये, म्हणून एरंडेल किंवा तशाच जातीचे काही दाट तेल त्या जागी घालीत, ते वंगण. गाडीवान त्याची निकड कानाने ओळखी. चाक कुरकुरू लागले की वंगण आटले, एवढे सरळ शास्त्र होते. पुढे मोटार आली तरी एरंडेलाने तिची पाठ लगेच सोडली नाही. १९०९ साली इंग्लंडातील वेकफील्ड यांच्या कंपनीने एरंडेल मिसळलेले इंजिनाचे तेल बाजारात आणले आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच त्याला ‘कॅस्ट्रॉल’ असे नाव दिले. आज त्या नावाच्या बहुतेक डब्यांत एरंडेलाचा थेंबही नसतो. नावापुरता मात्र एरंड उरला आहे. सांगायचे ते इतकेच की बैलगाडीचे चाक कुरकुरत होते, मोटारीचे इंजिन कुरकुरत नाही. त्याचे तेल आटत चालले तरी ते पुष्कळ काळ मुकाट्याने धावते, आणि बोलते तेव्हा बोलून उपयोग नसतो.

आमच्या दारातील गाडी ‘ऑइल खाऊ लागली’ आहे, ही वार्ता आमच्या मिस्त्रींनी दोन वर्षांपूर्वी दिली. ऑइल खाणे हा शब्दप्रयोग गॅरेजांतला. त्यापेक्षा नेमका शब्द आम्हांस सापडलेला नाही. पेट्रोल पिणे हा मोटारीचा हक्कच आहे. ऑइल तिने सांभाळायचे असते, खायचे नसते. परंतु येथे वकिली सवयीप्रमाणे एक खुलासा आधीच करून ठेवला पाहिजे. थोडे ऑइल प्रत्येक इंजिन खातेच. पिस्टन सिलिंडरमध्ये वरखाली धावतो, तेव्हा त्या भिंतीवर तेलाचा अतिशय पातळ थर राहावाच लागतो. तो नसेल तर धातू धातूला खाईल. पिस्टनच्या खोबणींत तीन रिंगा असतात. वरच्या दोन वायूचा दाब अडवून धरतात, तिसरी भिंतीवरचे जादा तेल खरवडून खाली पाठवते. तिने कितीही झटून काम केले तरी जो थर मागे उरतो त्याचा अल्पसा अंश ज्वाळेत जळतोच. काही युरोपीय उत्पादकांच्या पुस्तिकांत तर हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप हा दोष मानू नये, असे छापलेले आढळते. ती मुभा आम्हांस फारच उदार वाटते. आरोपीनेच स्वतःच्या शिक्षेची मर्यादा ठरवावी, तसा तो प्रकार आहे. तरीही त्यावरून मुद्दा कळतो. गाडी ऑइल खाते काय, हा प्रश्नच नव्हे. किती खाते आणि कोणत्या वाटेने खाते, हे दोन प्रश्न आहेत.

गाडी म्हणजे मारुती ८००. आमच्या वडिलांनी ती २००३ साली घेतली. या जातीची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते मालकाच्या स्वाधीन झाली, आणि शेवटची जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. मध्ये तीस वर्षे गेली. या तीस वर्षांत बेळगावच्या कोर्टाच्या आवारातील सायकली व स्कूटरी जाऊन तेथे या पांढऱ्या, लहानशा, चौकोनी गाड्या कशा येत गेल्या, हे आमच्या आधीच्या पिढीतील वकिलांनी पाहिले. वडील त्यांच्यापैकीच एक. ७९६ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे, सहा झडपांचे ते इंजिन. त्याच्या पोटात ऑइल मावते सुमारे तीन लिटर. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. मोठ्या गाडीतून लिटरभर ऑइल गेले तर तिच्या पोटात चार-पाच लिटर शिल्लक राहते; आमच्या गाडीतून तेवढेच गेले तर तृतीयांश दौलत गेली.

वडील २०१६ साली गेले. गाडी आमच्याकडे आली, आणि तिच्याबरोबर तिचे नेमही आले. त्यांतील मुख्य नेम वर्षातून एकदा कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या दर्शनाला जाण्याचा. आमचे घराणे गोव्यातून घाटावर कधी आले, ते घरातील कोणालाच नीट सांगता येत नाही. पण कुलदेवता गोव्यातच राहिली आणि वाट तेवढी आम्हांस लागून राहिली. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी आणि मग फोंडा. आमच्या मातोश्री आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या पुढल्या डाव्या आसनावर बसतात, पायाशी खोबरेलाची बाटली असते. ती देवीच्या दिव्यासाठी. मागे डिकीत इंजिनाच्या ऑइलचा डबा असतो. एका वर्षी कणकुंबीस थांबून आम्ही तो डबा काढला तेव्हा मातोश्री आपल्या कोंकणीत म्हणाल्या, “पुता, हे गाडयेक दिव्यापरस चड तेल लागता रे!” बोलणे हसण्यावारी गेले खरे, पण हिशेबाने पाहता ते अक्षरशः खरे होते.

ऑइल खाणाऱ्या गाडीचे खरे भय पैशाचे नव्हे. लिटरभर ऑइलाची किंमत आजकाल एका सामान्य जेवणाच्या बिलाहून फार नाही. भय असते ते असे. समोरच्या फळीवर तेलाच्या झारीचे चित्र असलेला एक तांबडा दिवा असतो. ऑइल कमी झाले की तो लागेल, अशी बहुसंख्य मोटारवाल्यांची समजूत आहे, आणि ती चुकीची आहे. तो दिवा तेलाच्या पातळीचा नसून दाबाचा आहे. तळाच्या टाकीतील तेल इतके आटले की पंपाच्या नळीत तेलाऐवजी हवा जाऊ लागली, म्हणजे दाब पडतो आणि दिवा लागतो. त्या क्षणी क्रँकच्या बेअरिंगांना तेल मिळणे थांबलेले असते. आमच्या व्यवसायातला दाखला द्यायचा तर ही समन्सची नोटीस नव्हे. एकतर्फी हुकूमनामा होऊन जप्तीचा बेलीफ दारात उभा राहावा, तसा तो दिवा आहे. तो दिसल्यावर गाडी त्याच जागी बंद करावी, पुढच्या गावापर्यंत नेण्याचा मोह धरू नये. घाटात, वळणावर, शेजारी वृद्ध आई बसलेली असताना तो प्रसंग यावा, ही कल्पनाच आम्हांस सहन होत नसे.

तेव्हा साक्षीदार उरतो एकच, तो म्हणजे डिपस्टिक. सळीसारखी ही पट्टी बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची, आणि दुसऱ्यांदा काढल्यावर जे दिसेल ते खरे मानायचे. पहिल्या खेपेची साक्ष ग्राह्य नाही, कारण गाडी चालताना उडालेले तेल पट्टीवर वरपर्यंत माखलेले असते. गाडी सपाट जागी हवी; इंजिन तापवून मग बंद करून पाच-दहा मिनिटे थांबायला हवे, म्हणजे वर चढलेले तेल खाली निथळते. दर वेळी त्याच जागी, त्याच पद्धतीने पाहावे. आमच्या अंगणातील तुळशीवृंदावनाच्या उजवीकडची फरशी सपाट आहे. तेथेच आम्ही पाहतो. खालची खूण आणि वरची खूण यांच्या मधे तेल असले म्हणजे झाले. वरच्या खुणेच्याही वर भरून ‘निर्धास्त’ होणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी हे जाणावे की तेल फार झाले तर फिरता क्रँक त्यात बुडून त्याचा फेस करतो, आणि फेसाने वंगण होत नाही.

मिस्त्रींची वार्ता ऐकल्यावर आम्ही एक वही केली. तारीख, किलोमीटर, पट्टीवरची खूण, ओतलेले ऑइल. कोणी हसेल, आमचे ज्येष्ठ बंधू, जे पुण्यास असतात, ते हसलेच. परंतु तेलाच्या मापाचा करारनामा ही आपल्या परंपरेत थट्टेची वस्तू नव्हती. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा एक शिलालेख आहे. शून्याचे स्पष्ट चिन्ह त्यात कोरलेले असल्यामुळे गणिताच्या इतिहासात त्याची कीर्ती झाली; आमच्या ग्वाल्हेरकर वाचकांना तो पाहून ठाऊक असेल. त्याच लेखात देवाच्या दिव्यासाठी गावातील घाणेवाल्यांनी घाण्यामागे दरमहा ठराविक माप तेल द्यावे, अशी व्यवस्थाही लिहिलेली आहे. शून्यापेक्षा ही व्यवस्था आम्हांस अधिक भावते. किती, कोणी आणि केव्हा, हे तिन्ही त्यात आहे, आणि तोंडी आश्वासनावर काही सोडलेले नाही.

वहीने पहिल्या तीन हजार किलोमीटरांत दाखवले ते असे: एकूण २ लिटर १०० मिलिलिटर. म्हणजे हजारी ७०० मिलिलिटर.

आकडा हातात आला आणि आम्ही तो घेऊन शहरातील एका मोठ्या वर्कशॉपात गेलो. काचेचे दालन, थंड हवा, गणवेशातील तरुण. त्यांनी गाडीचे बोनेट उघडले, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवले, काळे झालेले बोट आम्हांस दाखवले आणि सांगितले, “सर, रिंगा गेल्या. इंजिन पूर्ण खोलावे लागेल. बोअर, पिस्टन, रिंगा, हेडचे काम, सगळे.” अंदाजपत्रक ३८,००० रुपयांचे होते. आम्ही विचारले की रिंगाच गेल्या हे कशावरून? तरुण थोडा गोंधळला. म्हणाला, “इतकी जुनी गाडी म्हणजे तेच असते, सर.” आरोपी जुना आहे, म्हणून गुन्हा त्याचाच, या न्यायाने आम्ही कोर्टात कोणालाही शिक्षा होऊ दिली नसती, येथे तर ३८,००० रुपयांचा दंड होता. आम्ही अंदाजपत्रक घडी करून खिशात घातले व परतलो.

त्या रात्री पुण्याहून बंधूंचा फोन आला. त्यांचे मत स्वच्छ होते आणि ते आम्हांस मूर्खपणाचे वाटले नाही, हे नमूद केले पाहिजे. ते म्हणाले, “अरे, ती गाडी भंगारात दे. रस्त्यावर निळा धूर सोडत देवीला जायचे, यात कसले पुण्य? आईला घेऊन घाटात अडकलास तर?” दोन्ही वाक्ये काळजाला लागली. पहिले अधिक लागले. जांबोटीच्या बसथांब्यावर सकाळी शाळेची मुले उभी असतात. आमची गाडी त्यांच्यासमोरून जाते तेव्हा आरशात एक निळसर रेघ त्यांच्याकडे सरकताना आम्ही स्वतः पाहिली होती. जळालेल्या ऑइलचा धूर हा केवळ दिसायला वाईट असतो असे नाही. ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्त व फॉस्फरसाची संयुगे घातलेली असतात. ती जळून धुराच्या वाटेवरील शुद्धिकारक जाळीला हळूहळू निकामी करतात, आणि मग बाकीचे विषही न गाळता बाहेर पडते. आपल्या घरची भक्ती दुसऱ्याच्या लेकरांच्या छातीत जमा व्हावी, हे कोणत्या कुलाचाराला मान्य होईल? मातोश्री पलीकडच्या खोलीत वाती वळत होत्या. त्यांनी फोन ऐकला असावा, पण काही बोलल्या नाहीत. सकाळी एवढेच म्हणाल्या की गाडी द्यायची झाली तर आधी सांग, तिच्या कप्प्यात ह्यांचा चष्मा आहे.

तेव्हा आम्ही ठरवले की निकाल द्यायचा तो पुराव्यावर; आणि पुरावा गोळा करायला आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. हे गृहस्थ सत्तरीला आलेले, खानापूर रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करणारे. त्यांनी गाडीला हात न लावता प्रथम प्रश्न विचारले. धूर सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर येतो की नाही? घाट चढताना येतो की उतरल्यावर? सतत येतो की एकदाच भपकारा येतो? आम्ही उलटतपासणी करणारे. पण आमची अशी नेमकी उलटतपासणी फार दिवसांत कोणी केली नव्हती. आम्हांस सगळी उत्तरे देता येईनात, कारण गाडी हाकणाऱ्याला मागचा धूर नीट दिसत नाही. मिस्त्री म्हणाले, “मग बघून या की, वकीलसाहेब. घाईनं हेड उघडू नकासा.”

पुढच्या रविवारी आमच्या भाच्याला मोटारसायकलवर मागून यायला सांगून आम्ही चोर्ला घाट उतरून पुन्हा चढून आलो. हा प्रवास आमच्या आयुष्यातील अत्यंत गंभीर सरकारी पाहणीप्रमाणे पार पडला. कणकुंबीस, जेथे मलप्रभा उगम पावते त्या गावी, चहा घेताना भाच्याने आपली टिपणे वाचून दाखवली. चढणीवर, इंजिनावर पूर्ण भार असताना, धूर जवळजवळ नाही. लांब उतारावर पाय पेट्रोलवरून काढून गाडी गिअरवर रोखीत आणली तेव्हा धूर नाही. पण उतार संपून पुन्हा पेट्रोल दिले की एक निळा भपकारा, आणि मग स्वच्छ. सकाळी घरी गाडी चालू केली तेव्हाही एक भपकारा, मग स्वच्छ.

हे ऐकून मिस्त्रींचा चेहरा उजळला. त्यांच्या मते खटल्याचा निम्मा निकाल तेथेच लागला होता. कारणमीमांसा त्यांनी सांगितली ती आम्ही आमच्या भाषेत देतो. रिंगा झिजल्या असतील तर धूर भाराखाली, चढणीला, आणि सतत यायला हवा; कारण तेल खालून, सिलिंडरच्या भिंतीवरून वर येते. उतारावर पेट्रोलचे दार बंद असते आणि इंजिन मात्र चाकांच्या जोराने फिरत राहते. त्यामुळे हवा आत घेणाऱ्या नळीत मोठी पोकळी निर्माण होते. झडपांच्या दांड्यांवर रबराची लहान सीले असतात. ती वयाने कडक झाली, चिरली, की ही पोकळी हेडमधले तेल दांड्यावरून खाली ओढून घेते. ते साचते, आणि पेट्रोल दिल्याबरोबर एकदम जळते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतही तेच तेल थेंबाथेंबाने झडपेवर उतरून बसते आणि सकाळी भपकाऱ्याने निघून जाते. काळा धूर असेल तर पेट्रोल जादा जळते आहे, पांढरा दाट धूर राहिला तर पाणी आत शिरते आहे. निळा म्हणजे ऑइल. आणि निळ्याचीही वेळ पाहावी.

परंतु अनुमानावर थांबणारे हे मिस्त्री नव्हते. त्यांनी तिन्ही प्लग काढले, एकेका भोकात दाबमापक बसवून इंजिन फिरवले. दर चौरस सेंटिमीटरला ११, ११ आणि साडेदहा किलो. मग प्रत्येक भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा माप घेतले. रिंगा झिजल्या असल्या तर हे ओतलेले तेल त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजवते आणि दाब भसकन वर चढतो. आमच्या इंजिनात तो जेमतेम अर्ध्या किलोने वाढला. तिन्ही सिलिंडर एकमेकांशी जुळतही होते, आणि मिस्त्रींच्या मते आकड्यापेक्षा ही जुळणी महत्त्वाची. “रिंगा अजून धड हाईत,” ते म्हणाले. ३८,००० रुपयांचा दावा त्या चमचाभर तेलात विरघळला.

सीले बदलायला हेड उतरवावे लागते, असा आमचा समज होता. मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून नायलॉनची जाडसर दोरी आत सोडली, क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणला. दोरीची गुंडाळी पिस्टन आणि झडपा यांच्यामध्ये दाबून बसली, आणि झडप खाली सिलिंडरात पडायची जी भीती असते तिला उशी मिळाली. मग वरून स्प्रिंग दाबून काढायची, जुने सील उपटायचे, नवे बसवायचे. सहा झडपा, सहा सीले. प्रत्येक सील बोटाच्या पेरापेक्षा लहान. जुनी सीले त्यांनी आमच्या तळहातावर ठेवली. नखाने दाबली तर काचेसारखी तडकली. रबराला वीस वर्षांनी असे होणे स्वाभाविक आहे, त्यात कोणाचा अपराध नाही. क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारी ब्रीदरची नळी चिकटाने जवळजवळ बुजली होती, तीही त्यांनी साफ केली. ही नळी तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीने बाहेर पडू पाहते. तशी एक फट वरच्या झाकणाच्या गॅस्केटला सापडलीही. त्यातून झिरपलेले तेल गरम इंजिनावर पडून जळत होते. म्हणजे गाडी खात होती त्याहून थोडे कमी खात होती आणि उरलेले सांडत होती. सांडलेले ओळखायला रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा, ही युक्ती आम्ही तेथे शिकलो.

मजुरी आणि सामान मिळून बिल झाले २,२०० रुपये. आम्ही जास्त देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

वाटेत ज्यांनी ज्यांनी सल्ले दिले त्यांची दखल एका वाक्यात घेतो. पेट्रोलपंपावर एका रंगीत बाटलीतील औषध ऑइलात मिसळण्याचा सल्ला मिळाला. अशी काही द्रव्ये कडक झालेले रबर थोडे फुगवून मऊ करतात हे खरे, पण चिरलेले सील ती सांधत नाहीत. दाट ऑइल घालावे, हा दुसरा सल्ला त्याहून शहाणा होता. ऑइलच्या डब्यावर ‘२०डब्ल्यू-४०’ असे जे लिहिलेले असते त्यातला दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो. तो वाढवला तर फटीतून तेल कमी जाते. आम्ही ‘२०डब्ल्यू-५०’ घालून पाहिले होते आणि खप थोडा उतरलाही होता. मात्र माघ महिन्यातील बेळगावच्या थंड पहाटे ते दाट तेल इंजिनाच्या वरच्या भागाला पोहोचायला वेळ लावते, आणि झीज तर त्या पहिल्या क्षणांतच अधिक होते. नवी सीले बसल्यावर आम्ही पुन्हा पुस्तिकेतल्या तेलावर आलो.

कोणी असे समजू नये की हे दुखणे केवळ म्हाताऱ्या गाड्यांचे आहे. इंधन वाचावे म्हणून अलीकडच्या इंजिनांत रिंगांचा ताण मुद्दाम कमी ठेवतात. घर्षण घटते, पण खरवडण्याचे काम ढिले पडते. अमेरिकेत टोयोटाच्या काही इंजिनांविषयी याच कारणाने तक्रारी वाढल्या आणि या शतकाच्या दुसऱ्या दशकात कंपनीला पिस्टन व रिंगा बदलून देण्याची योजना आणावी लागली. तिच्यातील कसोटी आम्ही विधिज्ञाच्या कुतूहलाने वाचली. ऑइल भरून पातळीची नोंद करायची, गाडी १,२०० मैल चालवायची, परत आणायची. एक क्वार्ट, म्हणजे लिटरला किंचित कमी, किंवा अधिक गेले असेल तरच दुरुस्ती पदरात पडायची. ग्राहक आयोगापुढे अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पक्षकारांना आम्ही तेच सांगतो. ‘फार ऑइल खाते’ हे विधान आहे, पुरावा नव्हे. मोजून भरलेले, मोजून चालवलेले आणि दोन्ही पक्षांनी पाहिलेले जे असेल ते घेऊन या. एका निवृत्त शिक्षकांनी गाडीचे इंजिन दुसरीकडे उघडून घेतले होते आणि खप पूर्वीइतकाच राहिला होता. त्यांच्याजवळ शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली वही होती. तिच्या झेरॉक्सी पाठवल्यावर समोरच्यांनी तक्रार दाखल होण्यापूर्वीच अर्धी रक्कम परत केली, आणि गुरुजींनी तेवढ्यावर समाधान मानले.

आता आमच्या प्रकरणाचा निकाल. दुरुस्तीनंतरच्या दोन हजार किलोमीटरांत ४५० मिलिलिटर गेले, म्हणजे हजारी सव्वादोनशे. पूर्वीच्या तृतीयांशाहूनही कमी. भपकारा दिसत नाही. भाच्याने पुन्हा मागून येऊन खात्री केली. या सुमाराच्या गाडीचे प्रदूषण प्रमाणपत्र सहा महिन्यांनी घ्यावे लागते, त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. तेही मर्यादेत आले. तरीही बंधूंच्या म्हणण्यातील सत्य आम्हांस बुजवून टाकायचे नव्हते. म्हणून त्यांच्याशी आम्ही एक लेखी ठराव केला. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ही सीमा; लागोपाठ दोन हजार किलोमीटर ती ओलांडली गेली, किंवा चढणीला सतत धूर दिसू लागला, तर रिंगांचे काम न करता गाडी अधिकृत भंगार केंद्राकडे द्यायची. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे आणि मग पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. आमची २०१८ आणि २०२३ मध्ये झाली. दुसऱ्या वेळेपर्यंत, एप्रिल २०२२ पासून, फी ६०० वरून ५,००० रुपये झालेली होती. २०२८ मध्ये पुन्हा जावे लागेल. ती पाळी आली की ठरावाचा फेरविचार दोघांनी मिळून करायचा, असेही कलम घातले आहे. बंधूंनी सही करून कागद टपालाने पाठवला, आणि खाली पेन्सिलने लिहिले, ‘आईला विचारलेस काय?’

विचारले होते. ठराव वाचून दाखवल्यावर मातोश्रींनी चष्म्याविषयी पुन्हा आठवण केली, आणि तो गाडीच्या कप्प्यातून काढून घरात ठेवायचा काय असे आम्ही विचारताच, असू दे तेथेच, म्हणाल्या. डिपस्टिक पुसायला आम्ही बाजारातून सुती चिंध्या आणीत होतो. त्यांना त्या धागे सोडतात म्हणून आवडल्या नाहीत. त्यांनी वडिलांचा एक विरलेला पंचा फाडून त्याचे आठ तुकडे केले, कडा दुमडून शिवल्या आणि ऑइलच्या डब्याशेजारी डिकीत ठेवून दिले. यंदा माघात कवळ्यास गेलो तेव्हा त्यांतले दोन वापरले. वहीतील नोंद अशी: कणकुंबी, १,६३,४१२ किलोमीटर, खूण मधोमध, ओतले नाही.